घोडीला मोजता येत नाही

१

घोडी माणसाच्या नजरेखाली वीत नाही. गाय विते, शेळी विते, मांजर तर धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात शिरून विते. घोडीचं तसं नाही. पोट उतरलेलं असतं, कास तटतटलेली असते, कळा दारात येऊन उभ्या असतात, आणि तरी ती थांबून राहते, का तर कोपऱ्यात कुणीतरी बसलंय. बसणारा पाणी प्यायला म्हणून उठला, की तो तांब्या खाली ठेवीपर्यंत पेंढ्यावर शिंगरू.

सबुरीकाकांचं सगळं आयुष्य तबेल्यात गेलेलं, त्यामुळे हे त्यांना नवीन नव्हतं. नाव त्यांचं दुसरंच होतं, पण अडलेल्या घोड्यापुढे तासन्‌तास नुसतं उभं राहायची त्यांची तयारी बघून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. आता घरी ते, काकू आणि एकच घोडी उरली होती. घोडीचा तोरा असा, की तिला सगळे बाईसाहेब म्हणत.

घोड्या बहुतेक रात्रीच्या वितात. बाईसाहेबांची वेळ मात्र जेवणाची, भर दुपारची. मागच्या वेताला काका सकाळपासून बसले होते. दुपारी काकूंनी हाक मारली, म्हणून उठून घरात गेले. तोंडात दुसराच घास होता, तेवढ्यात तबेल्यातून धप्प झालं. काठी टेकत, एक पाय घासत धावत आले तर शिंगरू पेंढ्यावर पडलेलं, पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेलंच. पिशवी जाड होती, आपसूक फाटली नव्हती. नाकावरचा पडदा कुणी ओढला असता तर जगलं असतं. काकांनी ओढला तेव्हा अंग गरम होतं, एवढंच. घोडीने त्याला बराच वेळ चाटलं, मग मान वर करून काकांकडे बघितलं. तिच्या त्या बघण्यानंतर काकांना जेवताना दुसरा घास घशाखाली उतरवायला पाणी लागे.

घोडी आता अठरा वर्षांची. गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे वेत शेवटचं. म्हणून काकांनी मनाशी ठरवलं होतं, की काही झालं तरी या वेळी आपण हाताच्या अंतरावर असायचं.

त्यासाठी, काका ज्याच्या हाताखाली तबेल्यात तयार झाले त्या उस्तादाने शिकवलेली एक जुनी युक्ती होती. तबेल्यात जाताना दोघांनी जायचं, बाहेर येताना एकानं यायचं. दुसऱ्यानं शेजारच्या दाण्याच्या खोलीत, फळ्यांच्या भिंतीआड चूप बसायचं. घोडीला माणूस कळतो, माणसाचा राग कळतो, खिशातलं गाजर कळतं, पण मोजता येत नाही. तिला वाटतं, आले तेवढे गेले.

मात्र नुसतं निघून भागत नाही. निघणाऱ्यानं दोघांचं निघायचं. शेजारी माणूस आहे असं धरून त्याच्याशी बोलत जायचं, दार क्षणभर त्याच्यासाठी धरून ठेवायचं, मग लावायचं. उस्ताद म्हणायचा, थाप मारायची तर अर्धी मारू नये. आणि आत बसलेल्यानं, बाहेरच्यानं परत येऊन दारावर दोन टिचक्या मारून बोलावल्याशिवाय उठायचं नाही. उठायचंच तर एका गोष्टीसाठी, शिंगरू जमिनीला लागलं तर.

निघायचं काम काकूंच्या भावाकडे होतं. त्यानं तीस वर्षं बस चालवली होती आणि त्याचा गळा असा, की गावभर त्याला भोंगाच म्हणत. भाऊ यायचा म्हणून काकू खूश, आयतं जेवायला मिळतं म्हणून तो खूश. काकांना म्हणायचा, “दाजी, बहीण दिली तेव्हा वाटलं होतं तुम्ही घोड्यावरून न्याल. तुम्ही तिला घोड्यांमागे झाडायला लावलंत.” काका हसायचे. मेहुण्याचं बोलणं पानावरच्या मिठासारखं, थोडं असावंच.

२

आठ दिवस असेच गेले. रोज दुपारी दोघं आत जात, काका दाण्याच्या खोलीत पालथ्या टोपलीवर बसत, गुडघ्यावर काठी आडवी ठेवत. मग भोंगा आपल्या गळ्यातून सांगे, “चला दाजी, चला. पोटात कावळे ओरडतायत.” दार धरून ठेवी, लावी, आणि खडीच्या वाटेवरून बूट वाजवत घराकडे जाई. घोडी कान फिरवून ऐके. दोन वाजता भोंगा जेवून परत येई, टिचक्या मारी आणि काका उठत. त्यांचं ताट काकूंनी झाकून ठेवलेलं असे.

नवव्या दिवशी दार लागलं आणि खडी वाजली. खर्र, खर्र, भोंग्याचे बूट. त्याच्या मागोमाग दुसरी पावलं. एक नीट, एक घासत, आणि त्यानंतर टक.

काकांनी गुडघ्यावरच्या काठीकडे पाहिलं. काठी होती तिथेच होती.

मग त्यांनी सावकाश विचार केला, जसा ते नेहमी करत. समोर भिंत आहे, आवाज उलटत असेल. आठ दिवस उलटला नाही तो आजच का? पण वाऱ्याची दिशा बदलली की पुष्कळ गोष्टी बदलतात. पलीकडे घोडीने मोठा सुस्कारा टाकला, मागचा एक पाय सैल सोडला आणि गवत खायला लागली. इतकी निवांत ती आठ दिवसांत कधी झाली नव्हती.

दोन वाजता टिचक्या वाजल्या. काका घरी आले तर काकू भांडी घासत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही, म्हणाल्या की परत काय हवंय आता. काका म्हणाले, जेवायचंय. काकू म्हणाल्या, मस्करी पुरे, आत्ताच हात पुसून उठलात. काकांनी पातेल्याचं झाकण उचललं. तळाला काही नव्हतं.

काकांनी भोंग्याकडे पाहिलं. ही चेष्टा त्याचीच असणार. एकदा त्यानं काकांच्या बुटात बटाटे भरले होते. पण भोंगा हसत नव्हता. तो त्यांच्याकडे जरा निरखूनच बघत होता.

“दाजी, मी चला म्हटलं आणि तुम्ही खरंच आलात,” तो म्हणाला. “मला वाटलं, आज भूक आवरली नसेल. माझ्या शेजारी बसलात, मीठ मागितलंत, जेवून उठलात आणि गेलात. मला वाटलं परत जाऊन बसलात, म्हणून हाक मारायला आलो.”

काका पायरीवर बसले. मनात पाल चुकचुकली, पण भुताखेतांची नव्हे. त्या वाटेला त्यांचं डोकं जातच नसे. त्यांना भीती वाटली ती स्वतःच्या वयाची. आपणच उठून गेलो असू आणि आता विसरलो असू. म्हातारपणी असं होतं, उस्तादाला शेवटी स्वतःचा घोडा ओळखू येत नव्हता. मग त्यांनी पोटाला विचारलं. पोट तरी खोटं बोलणार नाही. बराच वेळ ते पोटावर हात ठेवून बसले. पण भूक आहे की नाही, तेही त्यांना नीट सांगता येईना.

३

दहाव्या दिवशी त्यांनी अदलाबदल करून पाहिली. भोंगा आत बसला आणि काका निघाले. “चल रे भोंग्या,” असं मोकळ्या हवेला म्हणताना त्यांना अवघडल्यासारखं झालं, पण म्हणाले. दार धरलं. कुणी आलं नाही. खडीवर त्यांची स्वतःचीच पावलं वाजली, एक नीट, एक घासत, टक. घरी काकूंनी त्यांना एकट्याला वाढलं. काकांच्या मनावरचं ओझं उतरलं.

पण तबेल्यात घोडीनं थयथयाट मांडला होता. फळ्यांवर लाथा, खिंकाळणं, तोंडाला फेस. भोंगा अर्ध्या तासात बाहेर आला आणि म्हणाला की बाईसाहेबांना माझा वास पसंत नाही, माझ्या बायकोलाही नव्हता.

त्याच वेळी डॉक्टरीणबाई आल्या. कास पाहिली, शेपटीचं बूड दाबून पाहिलं आणि म्हणाल्या की आज नाही तर उद्या. या वेळीही पिशवी जाडच असेल, शिंगरू पडल्यावर चार मिनिटं हातात असतील, पाचवं नाही. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, रोज आत कोण बसतं. काकांनी सांगितलं.

“काका, तुम्हीच बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काल जाता जाता मी तबेल्याच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही आत असताना ती अगदी एकटी असल्यासारखी वागते. जणू कुणी नाहीच.”

काकांना ते बोलणं फार गोड लागलं. चाळीस वर्षं घोड्यांत घालवून घोडीनं आपल्याला भिंतीसारखं, पेंढ्यासारखं धरावं, यापेक्षा मोठी शाबासकी ती कोणती. संध्याकाळी काकूंना त्यांनी ते दोनदा सांगितलं. काकू म्हणाल्या, मीसुद्धा तुम्हाला चाळीस वर्षं तसंच धरलंय, मला कुणी शाबासकी दिली नाही.

पण अंथरुणावर पडल्यावर ते गोड बोलणं आतून कुरतडायला लागलं. उद्या आपण आत बसणार. आणि उद्याही आपण नकळत उठून गेलो तर? ताटावर बसून मीठ मागत असलो, आणि इकडे चार मिनिटं सरली तर?

सकाळी त्यांनी खुंटीवरची पिछाडी काढली. घोड्याचा मागचा पाय बांधायचा तो दोर. त्याची गाठ उस्तादाची होती, ओढावी तितकी घट्ट होणारी, आणि सोडायची तर दोन्ही हात आणि पूर्ण भान लागणारी. झोपेत किंवा भ्रमात ती सुटणं शक्य नव्हतं.

४

अकराव्या दिवशी दोन्ही सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब जमले होते, वेळ जवळ आल्याची खूण. काकूंनी घोडीच्या शेपटीला स्वच्छ फडकं गुंडाळलं, तिच्या कानाशी काहीतरी बायकाबायकांतलं बोलल्या आणि स्वयंपाकाला गेल्या.

दुपारी दोघं आत गेले. काकांनी दाण्याच्या खोलीत बसून दोर डाव्या घोट्याला बांधला आणि दुसरं टोक भिंतीतल्या कडीला. भोंगा बघत राहिला. त्यानं हळू आवाजात विचारलं की दाजी, हे काय. काका म्हणाले, पाय झोपेत चालायला लागलाय. मग म्हणाले की आज मला हाक मारू नकोस, गप निघून जा.

भोंगा बरं म्हणाला आणि वळला. घोडीने कान टवकारले. तिचा श्वास अडला, मान ताठ झाली, पोटावरून एक लाट सरकत गेली आणि मधेच थांबली. ती वाट बघत होती. दहा दिवसांची तिची सवय होती, की माणसं बोलत जातात. न बोलता गेलेला माणूस तिच्या हिशेबी गेलेलाच नव्हता. अशी थांबली तर पोटातलं पोटात गुदमरायचं.

काकांनी फळ्यांच्या फटीतून घोडीकडे पाहिलं, मग दाराकडे.

“बोलाव,” ते हलकेच म्हणाले. “नेहमीसारखंच.”

“चला दाजी, चला,” भोंगा म्हणाला. “पोटात कावळे ओरडतायत.”

त्यानं दार धरलं. जितका वेळ रोज धरायचा त्याहून जरा जास्तच धरलं, जसं आपण म्हाताऱ्या माणसासाठी धरतो. मग दार लागलं.

खर्र, खर्र. त्यामागे एक नीट, एक घासत, टक.

काकांनी खाली वाकून गाठ चाचपली. गाठ होती. दोर ताणलेला होता. घोट्याला काचत होता. म्हणजे मी इथे आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, एखाद्या बुजऱ्या घोड्याला समजावावं तसं. मी इथेच आहे.

खोलीच्या बाहेरच्या भिंतीत तळहाताएवढा झरोका होता. बसल्या जागेवरून मान वळवली की खडीची वाट दिसे. काकांना बघायचं नव्हतं. तरी मान वळली.

वाटेवर दोन पाठी चालल्या होत्या. एक भोंग्याची, रुंद. दुसरी वाकलेली. माणसाला आपला चेहरा आरशातून ठाऊक असतो, पण आपली पाठ त्याला कधीच ठाऊक नसते, त्यामुळे ती पाठ कुणाची हे काकांना सांगता आलं नसतं. पण तिच्या डाव्या खांद्यावर एक ठिगळ होतं, निळ्या कापडाचं, चौकोनी. काकूंनी गेल्या हिवाळ्यात लावलेलं. काकांनी उजवा हात मागे नेऊन स्वतःचा डावा खांदा चाचपला. ठिगळ बोटांना लागलं, त्याचे टाकेसुद्धा लागले.

वळणावर ती वाकलेली पाठ थांबली. काहीतरी विसरल्यासारखी. मान थोडी मागे फिरायला लागली, कानाची पाळी दिसली, गालाचं हाड दिसलं.

काकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वाट मोकळी होती.

५

त्याच वेळी पलीकडे पाण्याचा लोंढा पेंढ्यावर पडला. काकांनी फटीला डोळा लावला. बाईसाहेब आडवी झाली होती. एकदा कण्हली, पाय ताठ केले, आणि पांढुरक्या पिशवीतले दोन खूर दिसले, त्यावर नाक. मग खांदे, मग बाकीचं सगळं एकदम, धप्प.

पिशवी फाटली नव्हती.

काका गाठीला लागले. दोन्ही हात, पूर्ण भान. एक फेरा सुटला, दुसरा सुटला, आणि ते लंगडत घोडीच्या खणात शिरले. तिच्या अगदी समोरून गेले, तिच्या डोळ्यापुढून. परकं पाऊल पडलं तर कळा गिळून उठणारी घोडी, पण तिचा एक कान हलला नाही. काका गुडघ्यावर बसले, नाकावरचा पडदा बोटांत धरून त्यांनी जिवाच्या आकांतानं ओढला. पडदा ओल्या कापडासारखा फाटला. शिंगराच्या नाकपुड्या उघडल्या, त्यातून पाणी आलं, मग एक शिंक आली, मग श्वास. एक, दोन, तीन. काका मोजत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दीड वर्षाचा तो घास आत्ता कुठे घशाखाली उतरला.

घोडीने मान वळवली आणि शिंगराला चाटायला लागली. काका मधे होते. त्यांनी हळूच म्हटलं, बाईसाहेब, झालं गं, जिंकलीस. ती चाटत राहिली. तिची नजर त्यांच्यावरून अशी गेली, जशी भिंतीवरून जाते. जणू कुणी नाहीच. काकांना डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले आणि या वेळी ते गोड लागले नाहीत.

त्यांनी हात पेंढ्याला पुसले. मग थांबून हातांकडे पाहिलं. हात कोरडे होते. आधीच पुसले गेले असतील. की आत्ता पुसले म्हणून कोरडे? त्यांना काही केल्या ठरवता येईना.

घराकडून माणसं पळत येत असल्याचा आवाज आला. नियम म्हणजे नियम, म्हणून की आणखी कशानं, पण काका उठून दाण्याच्या खोलीत गेले आणि टोपलीवर बसले. दार उघडलं. फटीतून काकू दिसल्या, तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांच्या मागे भोंगा. आणि दाराबाहेर, उन्हात, खडीवर एक काठी टेकली. टक.

“दाजी, बघा तरी,” भोंगा मागे वळून म्हणाला. “पिशवी बाईसाहेबांनी स्वतःच फाडली.”

बाहेरून जरा वेळाने, सावकाश, उत्तर आलं. “सबुरी केली की सगळं होतं.”

आवाज म्हातारा होता, मऊ होता. काकांना तो कुणाचा ते कळेना. माणसाला आपला आवाजही दुसऱ्याला ऐकू येतो तसा ठाऊक नसतो. पण काकूंना ठाऊक होता. त्या आवाजाकडे त्यांनी ज्या मायेनं पाहिलं, त्या मायेनं त्या चाळीस वर्षांत एकाच माणसाकडे पाहत आल्या होत्या.

काकांनी तोंड उघडलं. “अगं,” ते म्हणाले. घोडीने कान हलवला नाही. काकूंनीही नाही.

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या की आता तिला एकटीला राहू द्या, चला, तुमचं जेवण अर्धंच राहिलंय. त्या बाहेर पडल्या. भोंगा बाहेर पडला. त्यानं दार धरायची गरज नव्हती, तरी सवयीनं क्षणभर धरलं आणि आत पाहिलं. दाण्याच्या खोलीकडेही पाहिलं. मग लावून घेतलं. काकांनी पावलं मोजली. तिघांची होती.

आले तेवढे गेले, असं घोडीला वाटलं असेल. घोडीला मोजता येत नाही.

शिंगरू तोवर पायावर उभं राहिलं होतं. डुगडुगत, पडत, पुन्हा उठत ते आईच्या कासेकडे न जाता फळ्यांपाशी आलं आणि फटीला ओलं नाक लावून उभं राहिलं. काकांनी बोट पुढे केलं. गरम श्वास बोटावर आला. तेवढ्यात घोडीने हलकेच फुरफुर करून त्याला मागे बोलावलं, मोकळ्या कोपऱ्यात उगाच रेंगाळणाऱ्या लेकराला बोलवावं तसं.

काकांनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. बाहेरच्यानं येऊन दोन टिचक्या मारल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलेलं होतं. भोंगा जेवून आला की मारेल. दोन वाजायला फार वेळ नसावा. झरोक्यातलं ऊन टोपलीवरून सरकून भिंतीवर गेलं, भिंतीवरून वर चढलं, आणि सबुरीकाका दाराकडे कान लावून, नेहमीसारखे, न कंटाळता बसून राहिले.